नोवाकोवा, नोवाकुव्ना आणि नोवाक : एक घर की तीन?

अनघा_पुणे :
एका अनुवादात अडकलेय, मदत हवीय. कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती, तिथे बालपण काढलेल्या एका आजींच्या आठवणी त्यांच्या नातीने इंग्रजीत लिहिल्यात, त्या मी मराठीत आणतेय. मजकुरात सगळं घर नोवाक आहे, आई नोवाक, मुलगी नोवाक, धाकटा भाऊ नोवाक. पण सोबत त्या काळातली बराकीतल्या माणसांची हाताने लिहिलेली यादी जोडलीय, त्यात आई 'नोवाकोवा', मुलगी 'नोवाकुव्ना' आणि भाऊ तेवढा 'नोवाक'. आमच्या मुद्रितशोधक बाईंनी समासात लिहिलंय की ही तीन वेगळी कुटुंबं दिसतात, खुलासा करा. घर एकच आहे हे मला माहितीय, पण मराठी वाचकासाठी तिघांना एकच आडनाव द्यायचं की यादीत आहे तसं ठेवायचं? शिवाय नोवाक लिहू की नोव्हाक? आणि आडनावाचा अर्थ 'नवीन आलेला' असा दिलाय त्याला एका शब्दात काय म्हणाल, तळटीप टाळायचीय.

मुळाक्षर :
यादीत आहे तसंच ठेवा, अजिबात सपाट करू नका. जुन्या पोलिश रिवाजात नोवाकची बायको नोवाकोवा आणि लग्न न झालेली मुलगी नोवाकुव्ना. (स्पेलिंगमध्ये ओ दिसतो पण त्यावर तिरकी रेघ असते, तो उच्चारात उ होतो, म्हणून 'कुव्ना' बरोबर.) यादी लिहिणाऱ्याने नुसत्या प्रत्ययात सांगून टाकलंय की ही आई, ही लेक. महायुद्धानंतर ही रूपं हळूहळू मागे पडली, आज पोलंडमध्ये बाई असो की बाप्या, नोवाक ते नोवाकच. उलट कोवाल्स्कीचं कोवाल्स्का आजही होतं, कारण स्कीवाली आडनावं व्याकरणाने विशेषणं आहेत, तांबडा-तांबडी तशी लिंगाप्रमाणे बदलतात, आणि नोवाक पडलं नाम. शेजारी चेकमध्ये बायको आणि मुलगी दोघीही नोवाकोवा. त्यामुळे नोवाकोवा दिसलं की चेक असणार असं कुणी ठोकून दिलं तर आधी साल बघायचं, त्या काळच्या यादीत ते खुशाल पोलिश असतं.

करवीरकर :
वळिवड्याचं नाव निघालं म्हणून लिहितोय. आमचे पणजोबा छावणीत दूध घालायचे, आजी तेव्हा लहान होती पण त्यांच्याबरोबर जायची. १९४३ ते १९४८ छावणी होती, पाचेक हजार माणूस, बहुतेक बायका आणि पोरं. बाप्ये कुठं गेले तर जनरल आंदर्सच्या पोलिश फौजेत, म्हणून ताईंच्या यादीत बापाचं नाव नसणार. ही सगळी पूर्व पोलंडमधनं रशियनांनी सैबेरिया-कझाकस्तानात नेऊन टाकलेली माणसं, तिथनं इराण, कराची करत आपल्याकडं आली. आजी सांगती की नावं कुणालाच धड म्हणता यायची नाहीत, शेजारच्या बराकीतल्या एका बाईला गावातल्या बायका सरळ 'नवाक्का' म्हणायच्या. मला इतकी वर्षं वाटायचं नवी आलेली अक्का म्हणून नवाक्का. आज तुमचं नोवाकोवा वाचलं आणि लख्ख उजेड पडला!

शब्दवेल्हाळ :
करवीरकर, तुमच्या आजीच्या कानाने जे ओळखलं ते पंडितांना ओळखता येत नाही. नोवाक म्हणजे आपला 'नवखा', दुसरं काहीही नाही. नव हा शब्द संस्कृतात आहे, पोलिशमध्ये नोवी आहे, लॅटिनमध्ये नोवुस आहे, आणि क-ख चा फरक तोंडातोंडी पडतोच. नवखा म्हणजे नवा, सवय नसलेला, नुकताच आलेला, नोवाकचा अर्थही तोच. अनघाताई, एका शब्दात हवंय ना, 'नवखा' लिहा आणि मोकळ्या व्हा.

मुळाक्षर :
अर्धं बरोबर आहे आणि अर्धं ओढूनताणून आहे. नव आणि नोवी एकाच मूळ शब्दाची लेकरं, त्यात वाद नाही. पण पुढचा 'आक' हा स्लाव्ह भाषांचा आपला प्रत्यय, माणूस दाखवणारा. गाणारा तो श्पेवाक, भीक मागणारा तो झेब्राक, तसा नवा तो नोवाक. आपल्या नवख्यातला 'ख' वेगळ्या वाटेने आलाय, हेमचंद्राने बाराव्या शतकात अपभ्रंशाच्या व्याकरणात 'नव'चं 'नवख' होतं असं नोंदवलंय. म्हणजे दोन्ही शब्द आपापल्या घरी तयार झाले, आजोबा तेवढे एक. जवळचं नातेवाईक हवंच असेल तर पालीतला 'नवक' बघा, नुकती दीक्षा घेतलेल्या भिक्खूला नवक म्हणतात. अर्थाने तो नवख्यापेक्षा नोवाकच्या जास्त जवळ जातो, कारण तो अननुभवी म्हणून नवक नसतो, संघात नंतर आला म्हणून असतो.

राइनवासी :
मी जर्मनीत बोखुममध्ये राहते, इथे नोवाक आडनाव कुणाला परकं वाटतच नाही. शेजारच्या नोवाककाकूंना पोलिश एक अक्षर येत नाही, त्यांचे पणजोबा कोळशाच्या खाणीत कामाला आले होते एवढंच त्यांना ठाऊक. १८७० नंतर इथल्या रूर भागातल्या खाणींनी माणसं पूर्वेकडून आणली, पोझनान प्रांत, वरचं सायलेशिया, मसुरिया इथली. आपण त्यांना 'परदेशात गेलेले पोलिश' म्हणतो पण तेव्हा पोलंड नकाशावरच नव्हतं (१७९५ ते १९१८), हे प्रदेश प्रशियात होते, म्हणजे कागदोपत्री ते आपल्याच देशात नोकरीसाठी आलेले. पोलंडमध्ये नोवाक पश्चिम आणि दक्षिणेकडे दाट आहेत, पोझनानकडे तर खूपच, त्यामुळे खाणीवाल्यांत ते भरपूर आले यात नवल नाही. पुढे बऱ्याच जणांनी आडनाव जर्मन करून घेतलं, नोवाकचं नॉयमान, अर्थ तोच, नवा माणूस. आणि पहिल्या महायुद्धानंतर त्यातलेच पुष्कळ फ्रान्सच्या उत्तरेला खाणींत गेले. फुटबॉलवाला रेमों कोपा त्याच खाणवस्तीतला, मूळ आडनाव कोपाशेव्स्की, फ्रेंचांनी त्याचं शेपूट कापलं.

अजून एक गंमत, पूर्व जर्मनीत कोटबुसच्या बाजूला 'नोआक' आडनाव सापडतं. ते पोलिश नाही, तिथल्या सॉर्ब लोकांचं, तेही स्लाव्हच, मधला व गळून गेला एवढंच.

अनघा_पुणे :
सगळ्यांचे आभार, खूपच माहिती मिळाली. पण नोवाक की नोव्हाक ते राहिलं.

टेनिसवेडा :
नोव्हाक! सगळे पेपर 'नोव्हाक जोकोविच' लिहितात, वाचकाच्या डोळ्याला तेच ओळखीचं आहे. त्याचं ते पहिलं नाव, पण शब्द तोच ना.

शब्दवेल्हाळ :
आणि पेपरवाल्यांना कुणी विचारलं नाही का की नोव्हाकमध्ये व्ह आणि जोकोविचमध्ये साधा व कसा? सर्बियन माणूस दोन्हीकडे एकच व म्हणतो. आपला व ओठ-दातांनी म्हणून बघा, 'विहीर' म्हणा, 'वीज' म्हणा, नोवाकचा व तिथेच आहे. व्ह हे इंग्रजीतल्या दोन अक्षरांसाठी केलेलं कलम आहे, ते पोलिशवर कशाला लावायचं? मराठीचा एक व पुरेसा आहे आणि तो सुंदर आहे.

टेनिसवेडा :
तुम्ही व्हिटॅमिनला विटॅमिन लिहिता का मग? रूढ झालं ते झालं. भाषा वापरणाऱ्यांची असते, दातओठ मोजणाऱ्यांची नाही.

मुळाक्षर :
इथे भानगड अशी आहे की पोलिश लोक हा आवाज डब्ल्यूने लिहितात आणि आपण इंग्रजीच्या सवयीने डब्ल्यू दिसला की व, व्ही दिसला की व्ह असं यंत्रासारखं करतो. म्हणजे त्या सवयीने पोलिश माणूस नोवाक होईल आणि चेक माणूस नोव्हाक, जेव्हा दोघांच्या व मध्ये काहीच फरक नाही! फरक आहे तो शेवटच्या स्वरात, चेकमध्ये तो लांब, पोलिशमध्ये आखूड. आणि पोलिशमध्ये इंग्रजी डब्ल्यूसारखा आवाज खरंच आहे, पण तो एल वर काट मारून लिहितात, म्हणून आपण वालेसा म्हणतो ते तिकडे 'वावेंसा'च्या जवळपास ऐकू येतं. मी नोवाकच्या बाजूने.

शिकागोकर :
इथली गोष्ट सांगतो. अमेरिकेत डब्ल्यूवाले आणि व्हीवाले यांची इतकी सरमिसळ झालीय की आडनावावरून देश सांगणं अवघड. व्हीवाला नोवाक चेक असेल, स्लोव्हेन असेल, क्रोएट असेल, किंवा उच्चार नीट व्हावा म्हणून स्पेलिंग बदललेला पोलिश असेल. किम नोवाक ही नटी आमच्या शिकागोची, १९३३ चा जन्म, घराणं चेक. स्टुडिओवाले तिचं आडनाव बदलायला निघाले होते पण तिने ते सोडलं नाही, मला त्याचं फार कौतुक वाटतं. ज्यांनी डब्ल्यू ठेवला त्यांचा उच्चार बदलला, अंतराळवीर लिसा नोवाकचं आडनाव इथे इंग्रजी डब्ल्यूनेच म्हणतात. बफेलोहून बरीच वर्षं निवडून येणारे खासदार हेन्री नोवाक होते, त्या बाजूला पोलिश वस्ती मोठी.

आणि एक गैरसमज कृपा करून पुस्तकात जाऊ देऊ नका, एलिस आयलंडवरच्या (न्यूयॉर्कजवळचं बेट, जहाजाने आलेल्यांची तपासणी तिथे व्हायची) कारकुनांनी नावं बदलली वगैरे. माझ्या ऑफिसात प्रत्येकाच्या घरात ही गोष्ट आहे. प्रवाशांच्या याद्या ब्रेमेन-हॅम्बुर्गसारख्या बंदरांत जहाज कंपन्या करायच्या, इकडचे कारकून त्याच यादीवर खुणा करत. नावं बदलली ती नंतर, लोकांनी स्वतः, नोकरी मिळावी म्हणून, मुलांना शाळेत चिडवू नये म्हणून. दोष कारकुनाला दिला की ती दुखरी बाजू झाकली जाते असं मला वाटतं.

राइनवासी :
हे अगदी पटलं. आणि डब्ल्यू म्हणजे पोलिश हेही खरं नाही, व्हिएन्नात डब्ल्यूवाले नोवाक पुष्कळ, त्यातले कितीतरी मूळचे चेक, जर्मन पद्धतीने लिहिलेले. संगीतकार ब्रुकनरच्या सिंफनींच्या आवृत्त्या संपादित करणारे लिओपोल्ड नोवाक व्हिएन्नाचेच.

करवीरकर :
पण मंडळी, एवढे नोवाक आले कुठनं? एकाच घराण्याचे का?

मुळाक्षर :
नाही, हाच तर मुद्दा. पोलंडमध्ये हे पहिल्या क्रमांकाचं आडनाव, २ लाखांच्या आसपास माणसं, चेकमध्ये आणि स्लोव्हेनियातही नोवाक पहिलंच. एवढी माणसं एका पूर्वजाची असणं शक्य नाही. गावात कुणी बाहेरून येऊन जमीन कसायला लागला की गाव त्याला नोवाक म्हणणार, दुसऱ्या गावात दुसरा नोवाक, दोघांचा काही संबंध नाही. आडनाव त्याने घेतलंच नाही, गावाने दिलं. म्हणून परदेशात दोन नोवाक भेटले आणि 'आपण भाऊबंद' म्हणाले तर प्रेमाने म्हणोत, वंशावळ त्यातून निघत नाही. ते इतकं सामान्य आहे की युद्धात वॉर्सा-लंडन गुप्त निरोप नेणाऱ्या यान येझ्योरान्स्कींनी टोपणनाव घेतलं ते यान नोवाक, खरं पाळण्यातलं नाव झ्जिस्वाव. पुढे रेडिओ फ्री युरोपचा (पूर्व युरोपसाठी चालणारं अमेरिकी नभोवाणी केंद्र) पोलिश विभाग त्यांनी कितीतरी वर्षं चालवला तोही नोवाक याच नावाने.

अनघा_पुणे :
'बाहेरून येऊन जमीन कसणारा' म्हणजे मग 'उपरी' चालेल का? पेशवाईतल्या कागदांत मिराशी आणि उपरी अशी कुळं असतात ना, मिराशी वतनाचा, उपरी बाहेरचा.

शब्दवेल्हाळ :
नको हो! उपरा म्हटलं की आज कानाला शिवीसारखं लागतं. आजींच्या घराला उपरे म्हणायचं? नवखा ठेवा.

शिकागोकर :
पण नवखा म्हटलं की अडाणी, हात न बसलेला असं वाटतं, तेही चूकच. मला उपरी आवडला. आपल्याकडे मिरासदार आडनाव झालं, हक्क होता तो मिरवला गेला. तिकडे पूर्वेकडच्या देशांत नेमकं हक्क नसलेल्याचं नाव टिकलं आणि सगळ्यात मोठं झालं. हे उपरी शब्दानेच कळेल.

राइनवासी :
शब्दाचा आजचा वास धुता येत नाही, इतिहासाचं पान उलगडून वाचकाला कोण समजावणार? मी तर म्हणेन अर्थ द्यायचाच नाही. 'कुलकर्णी'चं इंग्रजी भाषांतर करताना आपण कुणी हिशेबनीस लिहितो का?

टेनिसवेडा :
मधेच विचारतो, टेनिसवाली कॅरोलिन वोझ्नियाकी बाई असून तिच्या आडनावाला शेवटी 'की' कसं, 'का' कसं नाही? आणि दुसरी टेनिसवाली राद्वान्स्का, तिचे वडील राद्वान्स्की होते हे मला आठवतंय.

मुळाक्षर :
कारण वोझ्नियाकी डेन्मार्कमध्ये जन्मली, ओडेन्सला. आईवडील पोलिश, पण डॅनिश दप्तरात बापाचं आडनाव जसंच्या तसं मुलीला लागलं. राद्वान्स्का क्राकोची, तिथे लेकीला आपोआप आ-कार मिळतो. अमेरिकेत, जर्मनीत, ब्राझीलच्या पारानात, सगळीकडे बायका अशाच स्की होऊन बसल्यात. परदेशात गेल्यावर पोलिश आडनावाचं पहिलं काय हरवत असेल तर हे, बाईचं वेगळं रूप. म्हणून अनघाताई, ती यादी तशीच राहू द्या असं मी म्हणतोय, आजी नंतर इंग्लंडला गेल्या असतील तर तिथल्या कागदावर त्या नोवाकुव्ना नक्कीच राहिल्या नसणार.

अनघा_पुणे :
हो, १९४८ ला इंग्लंडलाच गेल्या, वडील आंदर्सच्या सैन्यातून आधी तिथे पोचले होते. तिथल्या शाळेच्या दाखल्यावर नोवाक आहे. पण मग मुख्य मजकुरात काय लिहू? नात तर सगळीकडे नोवाकच लिहितेय.

टेनिसवेडा :
आणि चेक टेनिसपटू क्वितोवा? तिचे वडीलही क्वितोवा का?

मुळाक्षर :
वडील क्विता. चेक नियमाने मुलगी क्वितोवा. तिथे आता कायदा बदललाय, १ जानेवारी २०२२ पासून कुठल्याही बाईला ओवा न लावता आडनाव घेता येतं, आधी त्यासाठी परदेशी नवरा वगैरे कारण दाखवावं लागायचं. भाषेचे जाणकार आणि बायकांच्या संघटना यांच्यात त्यावर वर्षानुवर्षं वाद चालला होता, एक म्हणायचे ओवा नसेल तर वाक्यात विभक्ती कशी लावणार, दुसऱ्या म्हणायच्या नाव माझं आहे.

शब्दवेल्हाळ :
विभक्तीवाल्यांचं म्हणणं मला पटतं. उद्या मराठीत कुणी म्हणालं माझ्या नावाला सामान्यरूप करू नका, तर?

राइनवासी :
म्हणतातच की! आमच्या इथल्या मंडळात एका ताईंनी सांगितलंय, आमंत्रणात 'जोश्यांकडे' लिहायचं नाही, 'जोशी यांच्याकडे' लिहायचं.