जेव्ही सिरीजची स्ट्रॅट: दुप्पट पैसे मोजावेत का?

मिरजकर_निशीकासाई

नमस्कार मंडळी. गेले तीन शनिवार ओचानोमिझुच्या उतारावर घालवले आणि डोक्याचा पार भुगा झालाय, म्हणून इथे विचारतो.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: स्टेशनातून बाहेर पडून मेइजी विद्यापीठाच्या अंगाने खाली जिंबोचोकडे उतरायला लागलं की रस्त्याला दोन्हीकडे गिटारचीच दुकानं. त्यातल्या एका अरुंद जिन्याच्या दुकानात दोन फेंडर जपान स्ट्रॅट (फेंडरच्या जपानमध्ये बनलेल्या स्ट्रॅटोकास्टर, इलेक्ट्रिक गिटारी) शेजारी शेजारी टांगल्यात.

एक आहे एसटी५७-६५. सनबर्स्ट, अख्खी मेपल लाकडाची नेक (मान), मागच्या पत्र्यावर जेव्ही आणि पुढे पाच आकडे, म्हणजे फेंडर जपानची पहिलीच सिरीज. दुकानदार १९८३ची म्हणतो. २,३८,००० येन.

दुसरी एसटी६२-५५. फिकट निळी, रोझवूड फिंगरबोर्ड, ई सिरियल, म्हणजे १९८४ ते ८७ मधली कधीतरी. १,०८,००० येन.

बोनसमधून अडीच लाख येन बाजूला काढलेत. म्हणजे पहिली परवडते, पण मग खिसा रिकामा. रुपयांत सव्वा लाखाच्या पुढे जातं आणि तो आकडा आईला सांगायचा म्हणजे... असो.

दोन्ही एकाच अँपवर वीस-वीस मिनिटं वाजवल्या. पहिली हातात घेतली आणि हात तिथेच रुतला. नेकच्या मागची लाख (वार्निश) घासून गुळगुळीत झालीय, पाचव्या-सातव्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या पट्ट्या) बोटांचे काळे डाग. दुसरी चांगली आहे, हलकी आहे, आवाज जरा टोचरा वाटला. पण खरं सांगू का, मला जे ऐकू आलं ते लाकूड होतं की किंमत, हेच कळेनासं झालंय.

आमच्या मिरजेत सतारमेकर गल्लीत आजोबांच्या ओळखीचे एक कारागीर होते. तंबोरा घ्यायला कुणी आला की ते आधी जोडी लावून द्यायचे, म्हणायचे बसा, ऐका. भावाचं बोलणं चहा झाल्यावर. इथे उलटं आहे. किंमतीची चिठ्ठी हेडस्टॉकलाच, म्हणजे गिटारच्या डोक्यालाच, लटकलेली असते, तार छेडायच्या आधीच डोळ्यांत घुसते.

मी घरीच वाजवतो, महिन्यातून एकदा ऑफिसच्या पोरांबरोबर स्टुडिओ. ब्लूज, थोडं जुनं हिंदी. दोन वर्षांनी कायमचा परत जायचा विचार आहे. जेव्हीला दुप्पट पैसे देण्यासारखं खरंच काही आहे का?

नागोयाची_सई

आधी ते ६५ आणि ५५ म्हणजे काय ते सांगते, कारण अर्धं उत्तर तिथेच आहे. फेंडर जपानच्या मॉडेलमधला शेवटचा आकडा म्हणजे त्या काळची किंमत, हजार येनमध्ये. ६५ म्हणजे ६५,००० येन. ५५ म्हणजे ५५,०००. नव्या असताना तुमच्या या दोन गिटारींत दहा हजार येनचा फरक होता. आज एक लाख तीस हजारांचा आहे. हा वरचा फरक लाकडाने कमावलेला नाही.

मग कशाने? सत्तरच्या दशकात तोकाई, ग्रेको, बर्नी अशा नावांखाली जपानी कंपन्या अमेरिकन गिटारींच्या इतक्या चांगल्या नकला करायला लागल्या की फेंडरच्या पोटात गोळा आला. शेवटी १९८२मध्ये त्यांनी कांदा शोकाई आणि यामानो गाक्की यांच्याबरोबर फेंडर जपान काढली आणि गिटारी बनवायला दिल्या मात्सुमोतोच्या फुजिगेनला. म्हणजे जे ग्रेको बनवत होते त्यांनाच. जेव्ही ही त्या नव्या कंपनीची पहिली सिरीज, १९८४पर्यंत चालली. पहिली म्हणून, थोडी म्हणून, आणि त्या वेळच्या अमेरिकन फेंडरपेक्षा नीट बनलेली म्हणून तिचं नाव झालं. नाव खोटं नाही. पण ई सिरियलही त्याच कारखान्यातली आहे हे लोक विसरतात. तीच माणसं, तीच यंत्रं, एक-दोन वर्षं पुढची.

खरे फरक आहेत ते सांगते. ५५मध्ये बॉडी बहुतेक बासवूडची असते. हलकी वाटली ती त्यामुळे असेल. आणि टोचरा आवाज बहुधा पिकअपचा, म्हणजे तारांखालच्या, आवाज उचलणाऱ्या चुंबकाच्या भागाचा. पिकगार्ड (बॉडीवरचं प्लास्टिकचं झाकण) उघडायला लाव आणि पिकअप उलटा करून बघ. खाली चुंबकाची पट्टी चिकटवलेली असेल तर सिरॅमिक. पट्टी नसेल आणि ते सहा खांब स्वतःच चुंबक असतील तर अल्निको. सिरॅमिक निघाले तर बदलता येतात, चांगला सेट वीस-तीस हजार येनमध्ये बसतो.

आता जेव्हीबद्दल. पैसे द्यायच्या आधी नेक काढून दाखवायला सांग. लाजू नकोस, इथली दुकानं काढतात. कारण तो जेव्हीचा आकडा ज्या पत्र्यावर आहे तो चार स्क्रूंचा पत्रा आहे. दहा मिनिटांत कुठल्याही गिटारला लागतो. नेकच्या बुडाला शिक्का किंवा तारीख आहे का, १९८३शी जुळते का, आणि नेकच्या खाचेत वरून रंग मारल्याच्या खुणा नाहीत ना, हे बघ. नेक निघालीच आहे तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक सांभाळणारी सळई) फिरवून घे. या जुन्या पद्धतीच्या नेकना रॉडचं तोंड बुडालाच असतं, जोडलेल्या नेकमध्ये तिथे नीट पोचता येत नाही. रॉड आधीच शेवटपर्यंत आवळलेला असेल तर गिटार सोड, कितीही गोड वाजू दे.

आणि फ्रेट. दुकानाच्या चिठ्ठीवर किती शिल्लक ते लिहिलेलं असतं, दहापैकी अमुक. तू ते लिहिलंच नाहीस!

पेडल_पाटील

सईताईंनी सगळं सांगितलंय, मी फक्त माझी फजिती जोडतो.

मी २०१९मध्ये एक ग्रेको लेस पॉल घेतली, ऑनलाइन लिलावात. विकणाऱ्याने मथळ्यातच 'लॉसूट' (खटला) लिहिलं होतं आणि मी पाघळलो. नंतर वाचलं तेव्हा कळलं की तो खटला १९७७चा, गिब्सनच्या मालक कंपनीने केला होता आयबानेझच्या अमेरिकेतल्या शाखेवर, मुद्दा हेडस्टॉकच्या आकाराचा, आणि कोर्टाबाहेरच मिटला. ग्रेकोचा त्यात संबंधच नाही! तरी आज सत्तरच्या दशकातल्या प्रत्येक जपानी नकलेला तो शब्द चिकटवतात आणि वर पैसे लावतात. मी त्या एका शब्दाचे तीस हजार येन मोजले असतील.

घरी आली तेव्हा फ्रेट इतके झिजलेले की वरच्या तीन तारा बारावीच्या पुढे नुसत्या खरखरायच्या. रीफ्रेट (फ्रेट बदलणं), नवा नट, दोन पॉट, स्विच. धरून गिटार मूळ किंमतीच्या दीडपट पडली. वाजते झकास, नाही म्हणत नाही. पण बायकोला अजून मूळ किंमतच माहीत आहे, तेवढं कृपया इथेच राहू दे.

माझं मत: इतके पैसे आहेत तर नवी जपानी फेंडर घे, वॉरंटीसकट. डाग आपण आपले पाडावेत.

जुना_लीड_डोंबिवली

पाटील, नव्या गिटारचं सांगू नका त्याला. ज्याच्या मनात जुनी बसली त्याला नवी दिली तर तो दोन महिन्यांनी परत त्याच जिन्यावर चढेल.

बाळा मिरजकर, मी ऐंशीच्या दशकात ऑर्केस्ट्रात लीड वाजवायचो. गणपतीच्या दहा दिवसांत चौदा कार्यक्रम. माझ्याकडे कलकत्त्याची गिवसन होती, ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) इतकी उंच की खालून उंदीर जावा. आमच्या ग्रुपमधल्या एकाचा मेहुणा बोटीवर होता, त्याने योकोहामाहून एक यामाहा आणून दिली. ती पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा मला कळलं की इतकी वर्षं माझी बोटं वाईट नव्हती. त्यामुळे जपानी गिटारबद्दल माझ्याकडून निःपक्षपाती मत मिळणार नाही, आधीच सांगतो.

पण दोन गोष्टी कुणी बोललं नाही. एक, तू ब्लूज म्हणालास. या दोन्ही गिटारींचा फिंगरबोर्ड जुन्या पद्धतीचा गोलसर, सव्वासात इंच रेडियसचा. कॉर्डला सुखाचा, पण वर पंधराव्या फ्रेटला अख्ख्या सुराची मींड ओढलीस की तार पुढच्या फ्रेटला टेकते आणि सूर गळपटतो. ॲक्शन जरा वर ठेवली तर निभतं. दुकानात जाशील तेव्हा ओपन कॉर्ड वाजवत बसू नकोस. वर जा, ओढ, आणि सूर किती वेळ टिकतो ते बघ. दोन्हींवर, प्रत्येक तारेवर.

दुसरं, तू परत येणार आहेस. मिरज कोरडी आहे, ठीक. पण नोकरी मुंबईत मिळाली तर जूनमध्ये नेक पुढे वाकणार आणि डिसेंबरात परत मागे जाणार. आणि सईने सांगितलं तसा रॉड बुडाला. म्हणजे वर्षातून दोनदा नेक काढणं आलं. ते शिकून घे, नाहीतर माणूस शोधून ठेव. रोझवूडला काही होत नाही, शेवटी आपलं शिसवीच आहे ते. मेपलवरची लाख मात्र जिथे उडालीय तिथे घामट हातांनी अजून काळी पडेल. तुला ते आवडतंय म्हणा.

आणि अँप आणू नकोस. तिकडे १०० व्होल्ट, इकडे २३०. थेट लावलास तर धूर निघेल. आमच्या कीबोर्डवाल्याचा निघाला होता, दादरला, भर कार्यक्रमात.

दुकानदाराला म्हणावं, चिठ्ठ्या काढ आणि मग दे. मिरजेच्या रीतीने.

मिरजकर_निशीकासाई

काका, तुमचं शेवटचं वाक्य वाचून काल परत गेलो. सोबत ऑफिसातल्या मोरिसानला नेलं, तो बास वाजवतो. दुकानदाराला कसंबसं समजावलं. तो आधी गोंधळला, मग हसला आणि चिठ्ठ्या खरंच काढून खिशात घातल्या.

मी डोळे मिटून बसलो, मोरिसान एकेक हातात देत होता. पाचपैकी पाच वेळा ओळखली! मी खूश. मग मोरिसान म्हणाला, आता मी वाजवतो, तू भिंतीकडे तोंड कर. पाचपैकी दोन. म्हणजे मी आवाज ओळखत नव्हतो, बोटांखालची लाख ओळखत होतो. मधल्या पिकअपवर तर जी मी ठासून जेव्ही म्हणालो ती निळी निघाली. मोरिसान काही बोलला नाही, जपानी माणूस. पण चेहरा.

नेक काढायला सांगितली. जेव्हीच्या बुडाला १९८३चा शिक्का आहे, माल खरा. रॉडला जागा आहे. पण ब्रिजचा पिकअप बदललेला निघाला, वायरचा रंगच वेगळा, आणि हे दुकानदारालाही तेव्हाच कळलं असावं कारण तो दोनदा वाकला. फ्रेट दहापैकी पाच. ताई, चिठ्ठीवर होतं, मीच बघितलं नव्हतं. रीफ्रेटचा अंदाज विचारला तर ६६,००० येन. मेपलवर लाख परत चढवावी लागते म्हणून जास्त. म्हणजे गिटार पडणार तीन लाखांच्या वर.

निळीचे फ्रेट आठ. पिकअपखाली पट्टी आहे, सिरॅमिकच. पंधराव्या फ्रेटला दुसरी तार ओढली की जरा मरते, पण दुकानदाराने ॲक्शन थोडी उचलून दिली आणि सूर उभा राहिला. जेव्हीवर तिथे झिजलेल्या फ्रेटमुळे आणखी वाईट होतं.

निळी घेतली. किंमत कमी करायला विचारायचं धाडस झालं नाही, पण सेटअप आणि नव्या तारा त्याने फुकट दिल्या. उरलेल्या पैशांतून पिकअप नंतर बघू, सध्या टोचरा आवाज सवयीचा होतोय.

जेव्ही मनातून गेलीय असं म्हणणार नाही. घरी आल्यावर रात्री निळीच्या नेकवरून हात फिरवून बघितला. चकचकीत आहे, चिकटते. मोरिसान म्हणतो मागची बाजू अगदी बारीक स्कॉचब्राइटने घास, चमक गेली की हात सरकतो.

एकच शंका. मागचं झाकण उघडलं तर ट्रेमोलोच्या (हलणाऱ्या ब्रिजच्या) पाच स्प्रिंगांच्या जागी तीनच आहेत. दोन कुणी काढून घेतल्या की असंच असतं?

नागोयाची_सई

असंच असतं, तीन पुरतात. ब्लूज वाजवतोस तर एक बघ: एक तार ओढल्यावर बाकीच्या तारा उतरल्यासारख्या वाटल्या तर चौथी लाव आणि स्प्रिंगा ताणणारे मागचे दोन स्क्रू त्या हिशेबाने पुन्हा जुळव. आणि स्कॉचब्राइट फक्त मागच्या बाजूला हं, रोझवूडला लावू नकोस.