स्वतःपुरती मधाची आणि फळांची वाइन घरी करण्यास कायद्याने मुभा असावी का?

रानजांभूळ:
न्यू जर्सीत होतो तेव्हा दर हिवाळ्यात मी घरी मधाची वाइन, म्हणजे मीड, करीत असे. किलोभर मध तीन लिटर पाण्यात विरघळवायचा, त्यात वाइनचे यीस्ट घालायचे आणि बरणीच्या तोंडाला एअरलॉक, म्हणजे आतला वायू बाहेर सोडणारी पण बाहेरची हवा आत न येऊ देणारी नळी, लावायचा. मधात सुमारे 80 टक्के साखर असल्यामुळे या प्रमाणात 12 टक्क्यांच्या आसपास मद्यार्क तयार होतो. यीस्टला लागणारे नत्र मधात फार थोडे असते, म्हणून द्राक्षाचा रस दोन आठवड्यांत आंबून मोकळा होतो तिथे मध महिनाभर रेंगाळतो आणि पुढे सहा महिने मुरल्याशिवाय त्याला चव येत नाही. तिथल्या केंद्रीय कायद्याप्रमाणे दोन प्रौढांच्या घराला स्वतःच्या वापरासाठी वर्षाला 200 गॅलन, म्हणजे सुमारे 757 लिटर वाइन करता येते. विकायला मात्र मनाई आहे.

पुण्यात परतल्यावर ते सगळे साहित्य माळ्यावर गेले, कारण 1949 च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, मग ते स्वयंपाकघरातले पाच लिटर असो की ओढ्याकाठच्या भट्टीवरचे पाचशे. ज्या राज्याने 2001 मध्ये खास धोरण आखून वाइन उद्योगाला सवलती दिल्या, त्याच राज्यात मुळशीतल्या आमच्या शेतावरची जांभळे जूनमध्ये झाडाखाली सडून जातात आणि त्यांची दहा लिटर वाइन करणारा गुन्हेगार ठरतो, हे मला पटत नाही. भट्टी न लावता, विक्री न करता, वर्षाला घरटी 50 लिटरपर्यंत मुभा द्यावी असे माझे स्पष्ट मत आहे.

आडवी बाटली:
मुभा देऊ नये. मी चंद्रपूर जिल्ह्यात अनेक वर्षे बचत गटांचे काम करते आणि माझा आक्षेप 'स्वतःपुरती' या शब्दावर आहे. मोहाची दारूही आमच्याकडे आधी देवाला आणि लग्नकार्याला लागत असे. पुढे काय झाले ते मी पाहिले आहे: चुलीमागे सडव्याचे, म्हणजे आंबत ठेवलेल्या मोहाचे, मडके पुरलेले, आणि रात्री नऊनंतर मागच्या दारावर थाप, "वहिनी, एक शिशी द्या, सकाळी पैसे देतो." त्या बाईने 'मी दारू विकते' असे कधीही म्हटले नाही, विचारले तर तीही घरापुरतीच करीत होती. आपले 50 लिटर मोजायला तिच्या चुलीमागे कोण जाणार आहे?

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. दारूच्या दुकानाविरुद्ध या राज्यातल्या बायकांच्या हाती एक हत्यार आहे. गावातल्या किंवा वॉर्डातल्या 25 टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली तर मतदान होते, आणि निम्म्याहून अधिक जणींनी बाटली आडवी केली, म्हणजे दुकान बंद करण्याच्या बाजूने मत दिले, तर दुकान बंद होते. घराघरांत बरण्या लागल्यावर आम्ही बाटली कोणाच्या दारात आडवी करायची?

वसईकर:
मुभा हवी, पण मूळ लेखकांप्रमाणे मी तिच्याकडे छंद म्हणून पाहत नाही. नोव्हेंबरात चांगली द्राक्षे मिळत नसत, म्हणून माझी आजी चिनीमातीच्या बरणीत काळ्या मनुका, साखर, मूठभर गहू आणि दालचिनीचे तुकडे घालून तोंडाला फडके बांधून ठेवायची. रोज सकाळी लाकडी डावाने एकदा ढवळण्याचे काम माझ्याकडे असे. फडके सोडले की फुगलेल्या मनुकांचा थर वर आलेला दिसे आणि कान जवळ नेला तर बारीक सरसर ऐकू येई. 21 दिवसांनी गाळलेली ती वाइन नाताळला केकबरोबर इवल्याशा पेल्यांतून शेजारीपाजारी जाई. ताई, त्या बरणीने कोणाचा संसार मोडलेला मी पाहिला नाही, कारण ती वर्षातून एकदाच भरली जात असे. कायद्याने लिटर मोजण्याऐवजी प्रसंग मोजावेत.

किण्वन:
नाशिकच्या वाइन उद्योगात काम करतो. कोणी मालवणीचा दाखला देण्याआधीच लिहितो: 2015 मध्ये मालाडच्या मालवणीत 100 हून अधिक माणसे गेली ती दारूत मिसळलेल्या मिथेनॉलमुळे. फळांतल्या पेक्टिनपासून आंबताना मिथेनॉल तयार होते खरे, पण ते अत्यल्प असते. घरच्या वाइनने डोळे जातात ही भीती निराधार आहे.

तरीही आज सरसकट मुभा देण्याच्या मी विरोधात आहे, कारण आंबणे खरोखर संपले की नाही हे बहुतेकांना ओळखता येत नाही. शिकाऊ असताना मी घरी बोरांची वाइन केली होती. जानेवारीच्या थंडीत बुडबुडे थांबले, मी काम झाले असे समजून बाटल्या भरल्या आणि घट्ट बुचे मारली. प्रत्यक्षात यीस्ट फक्त गारठले होते. मार्चमध्ये ऊन तापले तसे ते पुन्हा जागे झाले आणि एका रात्री कपाटातल्या चार बाटल्या पाठोपाठ फुटल्या; एक काच कपाटाच्या दारात अर्धा इंच रुतून बसली होती. त्या दारापाशी माझी लहान मुलगी रोज खेळत असे. हायड्रोमीटरवर द्रवाची घनता सलग काही दिवस स्थिर आणि 1.000 च्या आसपास किंवा खाली दिसल्याशिवाय बूच मारायचे नसते, एवढे तरी शिकवल्याशिवाय मुभा नको.

मधपेटी:
महाबळेश्वरच्या डोंगरात सातेरी मधमाश्यांच्या पेट्या ठेवतो. पाऊस जवळ आल्यावर काढलेल्या मधात 20 टक्क्यांहून अधिक पाणी राहिले तर तो डब्यातच फसफसू शकतो आणि मग त्याला गिऱ्हाईक मिळत नाही. आंबण्याआधी असा मध मीडसाठी चालेल, पण हौशी माणूस वर्षाला फार तर चार-पाच किलो नेईल. मीडचे परवानाधारक कारखाने पुण्यात आणि नाशकात झाले आहेत. तसा छोटा परवाना मधपाळांच्या संस्थेला परवडेल अशा शुल्कात मिळावा. घरोघरच्या मुभेने आमच्या पदरात काही पडत नाही, म्हणून मी तिच्या बाजूने नाही.

रानजांभूळ:
आडवी बाटली यांच्या दुसऱ्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नव्हते, म्हणून दोन दिवस काही लिहिले नाही. वसईकरांनी सुचवलेली वाट मात्र फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मद्यावर सुराध्यक्षाचे कडक नियंत्रण सांगितले आहे, पण त्याच प्रकरणात कुटुंबांना कार्यप्रसंगी श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट करण्याची सवलतही दिली आहे. (द्राक्षरसाच्या मद्याला तिथे 'मधु' म्हटले आहे, हे मला फार आवडले.) तेव्हा 50 लिटरचा आग्रह मी सोडतो. वर्षातून दोन वेळा, प्रत्येक वेळी दहा लिटर, आधी नोंद करून आणि किण्वन यांनी सांगितलेले प्रशिक्षण घेऊन, एवढीच माझी मागणी राहते.

आडवी बाटली:
नोंद तालुक्याच्या कचेरीत झाली तर तिचा आम्हाला उपयोग नाही. ती ग्रामसभेत किंवा वॉर्डात, सर्वांसमक्ष वाचली जावी, आणि जिथल्या बायकांनी बाटली आडवी केली आहे तिथे ही सवलत कोणालाही मिळू नये, वसईकरांच्या आजींनाही नाही. एवढे कायद्यात लिहिले जाणार असेल तर मी विचार करीन.

वसईकर:
मला अट मान्य आहे. आमच्याकडे मतदान झाले तर माझी आई आणि काकू दोघीही जातील, आणि त्या कोणत्या बाजूला मत देतील हे मी गृहीत धरत नाही.