मदत हवी आहे: सरळ फायनलवर (रनवेच्या रेषेत उतरण्याचा शेवटचा टप्पा) येणारं विमान दिसत नसेल तर बेस (त्याआधीचा, रनवेला आडवा टप्पा) घ्यावा की नाही?

फ्लोरिडात कंट्रोल टॉवर नसलेल्या विमानतळावर विमान उडवायला शिकतोय. सेस्ना 172, आता सोलो (एकट्याने उडवणं) सुरू आहे. गेल्या आठवड्यात डाव्या बेसवरून फायनलला वळताना एक पायपर माझ्या खालून गेलं. माझ्या विमानाचे पंख केबिनच्या वर, त्याचे खाली. त्याआधी डाउनविंडवरून (रनवेला समांतर, उलट दिशेचा टप्पा) बेसला वळताना आतला पंख खाली झुकून फायनलची बाजू झाकतो. त्याच्या पायलटने रेडिओवर "3 मैल फायनल" म्हटलेलं ऐकलं होतं, पण विमान दिसलं नाही.

प्रत्येक लेगवर (टप्प्यावर) रेडिओवर कॉल देतो, लँडिंग लाइट चालू असतो, एडीएस-बी (विमानं स्वतःची जागा प्रसारित करतात ती यंत्रणा) आयपॅडवर बघतो. पण ते चित्र किंचित मागे असतं, आणि काही जुन्या विमानांत ते नसतंच. नासाचा एएसआरएस (विमान सुरक्षेच्या घटना कळवण्याची योजना) रिपोर्ट 10 दिवसांच्या आत भरलाय. खाली असलेल्याला प्राधान्य, पण त्याचा फायदा घेऊन दुसऱ्याच्या पुढे घुसायचं नाही, हा नियम माहीत आहे. तेव्हा चूक कोणाची हे नकोय. विमानतळ बदलणं शक्य नाही.

अडचण वेगाची आहे. 90 नॉट्सला 3 मैल म्हणजे 2 मिनिटं, 180 ला एकच. 2022 मध्ये कॅलिफोर्नियातल्या वॉटसनव्हिलला सरळ येणारं सेस्ना 340 असंच वेगात होतं. ते सेस्ना 152 ला धडकलं, तिघे गेले.

माझे इन्स्ट्रक्टर म्हणतात डाउनविंड लांबव. पण मागेही दोघं-तिघं असतात, शिवाय इंजिन बंद पडलं तर रनवे गाठता येणार नाही.

अशा वेळी तुम्ही डाउनविंड किती लांबवता, आणि कुठल्या क्षणी सर्किट (रनवेभोवतीचा ठरलेला मार्ग) सोडून बाहेर पडता?