लांब उडीच्या खेळाडूचा इको: पडदा 14 मिमी, पुढे काय?

प्रश्न
वय 18, लांब उडी. आठवड्याला चार दिवस स्प्रिंट, बॉक्स जंप, पॉवर क्लीन (वजन झटक्यात खांद्यापर्यंत उचलणं). त्रास काही नाही. 2डी इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाच्या दोन खालच्या कप्प्यांमधला पडदा, म्हणजे मधली भिंत, 14 मिमी जाड आणि डावा खालचा कप्पा 43 मिमी रुंद आलाय. मैदानावर सगळे म्हणतात, 'खेळाडूचं हृदय असंच असतं.' सराव चालू ठेवू का?

उत्तर 1
नको. तपासण्या पूर्ण होईपर्यंत सराव बंद. स्फोटक सरावाने भिंत एवढी जाड होत नाही. 1991 साली इटलीत 947 अव्वल खेळाडूंची तपासणी झाली. 13 मिमी किंवा जास्त भिंत फक्त 16 जणांची निघाली. 15 वल्हवणारे, एक सायकलपटू. आणि त्या सगळ्यांचा डावा कप्पाही मोठा होता, 55 मिमी किंवा त्याहून जास्त. तुमच्याकडे भिंत जाड आणि कप्पा लहान, हेच काळजीचं आहे: हा सरावाचा परिणाम नसून हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार (हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी) असू शकतो.

उत्तर 2
पण वजन उचलताना बीपी भयंकर चढतो ना? मग भिंत का जाड होणार नाही?

उत्तर 1
चढतो. 1985 च्या मोजमापात जड लेग प्रेसला (पायांनी वजन ढकलताना) एकाचा 480/350 पर्यंत गेला होता. पण श्वास कोंडून जोर लावला की छातीतला दाबही वाढतो, त्यामुळे हृदयाच्या भिंतीवर निव्वळ ताण तेवढा पडत नाही. शिवाय सेट संपला की दाब काही सेकंदांत उतरतो. वल्हवणाऱ्याला दाब आणि रक्ताचा मोठा प्रवाह दोन्ही सलग काही मिनिटं झेलावे लागतात, म्हणून त्याचं हृदय वाढतं.

उत्तर 3
आधी मोजमाप पडताळा. इकोचा छेद तिरका गेला किंवा उजव्या कप्प्यातला स्नायूचा पट्टा पडद्यात मोजला गेला, की आकडा फुगतो. मग ईसीजी. ठोके संथ, पीआर (वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत विद्युत संकेत पोचायचा वेळ) थोडा लांबलेला, हे सरावाचं. व्ही5, व्ही6 (छातीच्या डाव्या बाजूच्या जोडण्या) मध्ये टी लाट उलटी असेल तर ते सरावाचं नव्हे. त्यानंतर कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिलेलं औषध, ज्याने चित्र स्पष्ट येतं) देऊन एमआरआय: नेमकी जाडी कळते, स्नायूत चट्टे असतील तर दिसतात. घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय का, तुम्हाला धावताना चक्कर किंवा छातीत दुखणं होतं का, आणि स्टिरॉइडची इंजेक्शनं घेता का, हे डॉक्टरांना एकट्यात सांगा. कोचसमोर पोरं खरं सांगत नाहीत.