नव्या स्पोर्ट टूररने (लांब पल्ल्याची वेगवान बाईक) निराशा केली, काय बदलता येईल?

पंचवटीकर: नव्या मॉडेलात हँडल खाली आणि फूटपेग (पाय ठेवायचे खुंट) मागे सरकवलेत. दिसायला झकास, पण इगतपुरी येईपर्यंत मनगटं भरून येतात. काच आखूड, ऐंशीच्या पुढे हेल्मेट थडथडतं. रायझर (हँडल उंच करणारे तुकडे) टाकावेत का?

गंगापूर_रोड: भाऊ, आधी हँडल क्लिप-ऑन (डावं-उजवं वेगळं, पुढच्या सस्पेन्शनच्या नळ्यांना पकडलेलं) आहे की एकसंध पाइप ते बघा. पाइप असेल तर २० मिमीचे रायझर चालतील. बसवल्यावर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा. ब्रेकची नळी ताणली जायला नको. क्लच केबल ताणली तर वळताना क्लच अर्धवट सुटतो आणि थ्रॉटल केबल ताणली तर आरपीएम आपोआप चढतो. कसारा घाटाच्या वळणावर हे कळणं बरं नव्हे. बोल्ट टॉर्क रेंचनेच (ठरावीक जोरात आवळणारा पाना) आवळा.

सातपूरवाला: उंच काच घेण्याआधी आहे ती काढून एक फेरी मारा. थडथड थांबली तर हवेचा भोवरा काचेच्या वरच्या कडेवरून सुटतोय. काच आणि फेअरिंगमध्ये (बाईकचं पुढचं आवरण) १० मिमीचे स्पेसर देऊन खालून फट ठेवा, काचेमागचा कमी झालेला हवेचा दाब भरून निघतो. वीस रुपयांचं काम.

गंगापूर_रोड: आणि कंपनीने सेंटर स्टँड (बाईक सरळ उभी करणारा) काढून टाकलाय, त्याचं काय? टूरर म्हणे! चेन साफ करायला पॅडॉक स्टँड (मागचं चाक उचलून धरणारा वेगळा स्टँड) घ्याच.