गीझर 2000 वॉटचा, हिशोब मात्र 1450 चा येतोय

गारठलेला_जुन्नरकर:
15 लिटरचा गीझर आहे. पाटीवर 230 व्होल्ट, 2000 वॉट लिहिलंय. थंडी पडल्यापासून पाणी तापता तापत नाही. दुकानदार म्हणतो, "कॉइलवर क्षार बसलाय, पॉवर कमी झाली, नवीन टाका." त्याच्यावर विसंबायला नको म्हणून शेजाऱ्यांचा क्लॅम्प मीटर (तारेभोवती जबडा लावून करंट मोजणारा) आणला. गीझर चालू असताना सॉकेटला 196 व्होल्ट आणि करंट 7.4 अँपियर. गुणाकार केला तर 1450 वॉट! उरलेले साडेपाचशे वॉट गेले कुठे? कॉइल बदलू का?

फ्यूजवाला:
कॉइलला हात लावू नका. गुणाकार केलात, आता भागाकारही करा. 196 भागिले 7.4 म्हणजे साधारण 26.5 ओहम. हा तुमच्या कॉइलचा रेझिस्टन्स. आता पाटीवरून किती यायला हवा ते बघा: 230 चा वर्ग 52,900, त्याला 2000 ने भागा. 26.45. कॉइल जशी कारखान्यातून निघाली तशीच आहे. क्षाराने ओहम बदलत नाहीत. क्षाराचं पूट बसलं की कॉइलची उष्णता पाण्यात लवकर जात नाही, ती आतल्या आत जास्त तापते आणि एक दिवस फुटते, तो भाग वेगळा. पण "पॉवर कमी झाली" हे दुकानदाराचं म्हणणं मीटरसमोर टिकत नाही.

कमी आहे ते व्होल्टेज. कॉइल तीच असली की पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात उतरते. 196 म्हणजे 230 च्या 85 टक्के, पण 85 टक्क्यांचा वर्ग जेमतेम 73 टक्के. 2000 चे 73 टक्के काढा, तुमचे 1450 च्या आसपासच येतात. पाणी 20 अंशांवरून 50 वर न्यायचं तर पूर्ण व्होल्टेजला 16 मिनिटं, तुमच्याकडे 22. टाकीतून बाहेर जाणारी उष्णता यात धरलेली नाही.

डिप्लोमा_दुसरं_वर्ष:
सर, मी असं गणित करताना व्होल्टेज 230 च धरतो. 230 गुणिले 7.4 म्हणजे 1702. मग 1450 कसं?

फ्यूजवाला:
230 पाटीवर आहे, तुमच्या तारेत नाही. ज्या क्षणी करंट मोजला त्याच क्षणाचं, त्याच दोन टोकांमधलं व्होल्टेज घ्यायचं. आणि क्लॅम्प एकाच तारेभोवती लावा. गीझरची अख्खी केबल जबड्यात धरली तर फेजमधून जाणारा आणि न्यूट्रलमधून परतणारा करंट एकमेकांना मारतो आणि मीटर शून्य दाखवतो. मग लोक मीटरलाच शिव्या देतात.

बोअरवाले_काका:
आमच्या मोटारीलाही हाच हिशोब लावू का? व्होल्टेज उतरलं की ती जास्तच करंट ओढते.

फ्यूजवाला:
नको काका. मोटारीला व्होल्ट गुणिले अँपियर केलं की व्हीए (व्होल्ट-अँपियर) मिळतात, वॉट नाही. वॉटसाठी त्याला पॉवर फॅक्टरने, म्हणजे व्हीएपैकी खरी पॉवर किती त्या प्रमाणाने, गुणावं लागतं. आणि पाण्याचा भार तेवढाच असतो, म्हणून व्होल्टेज पडलं की ती करंट वाढवून काम ओढते आणि वाइंडिंग (मोटारीतली गुंडाळलेली तार) तापतं. गीझरचं बरोब्बर उलट. त्यावर वेगळा धागा काढा.

जुन्नरकर, आता तुमचं घर बघू. मेन स्विचजवळ आणि सॉकेटवर, दोन्हीकडे गीझर बंद ठेवून आणि चालू करून व्होल्टेज घ्या. तारेची लांबी आणि जाडीही सांगा. उघड्या टर्मिनलवर मोजायची सवय नसेल तर वायरमनला बोलवा, हट्ट करू नका.

गारठलेला_जुन्नरकर:
वायरमन दादांकडून करून घेतलं. बंद असताना दोन्हीकडे 212. चालू केल्यावर मेनला 208, सॉकेटला 196. तार एक एमएमची (म्हणजे एक चौरस मिलिमीटर जाडीची), मेनपासून बाथरूमपर्यंत 25 मीटर.

फ्यूजवाला:
सापडलं. 212 चे 208 होतात, ते चार व्होल्ट बाहेरच्या लायनीत जातात. पण 208 चे 196, हे 12 व्होल्ट तुमच्या भिंतीत जिरतायत. एक एमएम तांब्याच्या तारेचा रेझिस्टन्स किलोमीटरला साधारण 18 ओहम. जाऊन-येऊन 50 मीटर, म्हणजे 0.9 ओहम. 7.4 अँपियरला साडेसहा-पावणेसात व्होल्ट. मग उरलेले पाच-साडेपाच? ते कुठल्यातरी सांध्यात पडतायत. पाच व्होल्ट गुणिले 7.4 म्हणजे 37 वॉट.

37 वॉट ऐकायला काहीच नाही, पण 25 वॉटची सोल्डरिंग आयर्न शिसं वितळवते, आणि इथे त्याहून जास्त उष्णता नखाएवढ्या जागेत आहे. मेन बंद करून सॉकेट उघडून बघा. आजच.

गारठलेला_जुन्नरकर:
उघडलं. न्यूट्रलचा स्क्रू ढिला, तारेचं टोक काळं पडलेलं, प्लास्टिक पिवळं होऊन फुगलंय. प्लगची एक पिनही तांबूस झालीय. दादांनी तार मागे कापून नवीन 16 अँपियरचा सॉकेट आणि नवीन प्लग बसवला. आता चालू असताना सॉकेटला 201, करंट 7.6.

फ्यूजवाला:
1528 वॉट. सांध्यातलं गेलं, राहिलं ते तारेतलं. अडीच एमएमची तार ओढलीत तर घरातला ड्रॉप (तारेत पडणारं व्होल्टेज) सातवरून तीन व्होल्टवर येईल. गीझरला एक एमएम टाकलीच कुणी हा प्रश्न आहेच. एमसीबीही (जास्त करंटला आपोआप पडणारा स्विच) त्या तारेला झेपेल एवढाच आहे ना, ते तपासून घ्या.

बाकी 212 चं काम तुमच्या हातात नाही. नियमाप्रमाणे 230 च्या सहा टक्के वर-खाली चालतं, म्हणजे 216 च्या खाली जायला नको. सकाळ-संध्याकाळचे आकडे वेळेसकट लिहून वीज कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलं तर "बघतो" म्हणतात.