मदत हवी आहे: डिलिव्हरीच्या तीन तारखा आल्यात, कुठली धरायची?

खानापूर तालुक्यात सासर, माहेर गडहिंग्लजला. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी जायचं ठरलंय. शेवटची पाळी १० जूनला आली. आशाताईंनी तायी कार्डावर (कर्नाटकात गरोदर बाईला मिळणारं सरकारी नोंदीचं कार्ड) १७ मार्च लिहिलं. १८ ऑगस्टला बेळगावला पहिली सोनोग्राफी केली, त्यात ८ आठवडे ३ दिवस निघाले आणि तारीख २७ मार्च. आता ९ नोव्हेंबरला व्यंग बघायची सोनोग्राफी झाली, तिच्यात १९ आठवडे ५ दिवस आणि तारीख ३१ मार्च. पाळी मला पहिल्यापासून उशिरा, ३८ दिवसांनी येते. हे कुणी विचारलं नाही, मलाही सांगायचं सुचलं नाही.

सासूबाई म्हणायल्यात सहावा लागला. मग बाळाची वाढ मागं पडली की काय? दोन रात्री झोप नाही. चार दिवसांपासून आत बारीक हलल्यासारखं वाटतंय. तिकडच्या डॉक्टरांना कुठली तारीख सांगू? आणि निघू कधी?

प्रतिसाद:
घाबरू नको गं. मी निपाणी भागात प्रसूती विभागात सिस्टर होते. तुझं उत्तर त्या ३८ दिवसांतच आहे.

पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, म्हणजे नऊ महिने सात दिवस मोजतात. त्यात पाळी २८ दिवसांची आणि गर्भ चौदाव्या दिवसाच्या आसपास राहिला असं धरलेलं असतं. तुझ्यात तो साधारण दहा दिवस उशिरा राहिला. १७ आणि २७ मधलं अंतर बघ, दहाच दिवस. बाळ मागं नाही, मोजणी आधी सुरू झाली होती.

पहिल्या तीन महिन्यांत सगळी बाळं जवळपास सारखीच वाढतात, म्हणून डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजून काढलेली तारीख सगळ्यात भरवशाची. नंतर कुणी थोराड, कुणी लहानखुरं. ३१ मार्चचा चार दिवसांचा फरक एवढ्यावर सोडून दे. २७ मार्च धर आणि डॉक्टरांकडून कार्डावरही तशी दुरुस्ती करून घे. पहिलटकरणीला विसाव्या आठवड्याच्या आसपास हालचाल कळते, तेही जुळतंय.

२ जानेवारीला २८ आठवडे होऊन शेवटचा टप्पा लागेल. ६ मार्चला ३७ पूर्ण. तिथून पुढं कधीही कळा येऊ शकतात, नेमक्या तारखेला फार थोड्याच बाळंत होतात. म्हणून फेब्रुवारीच्या मध्यालाच माहेरी जा, आधी डॉक्टरांना विचारून. पहिला रिपोर्ट पिशवीत वरच ठेव. तायी कार्ड कन्नडमध्ये असलं तर तारखा नि रक्तगट मराठीत लिहून सोबत ने. रक्त गेलं, पाणी गेलं, डोकं फार दुखून डोळ्यांपुढं अंधारी आली किंवा पुढच्या महिन्यांत बाळाची हालचाल कमी वाटली, तर तारीख बघत बसू नको, लगेच १०८ लाव.

धागाकर्ती:
ताई, पहिला रिपोर्ट कपाटात सापडला. उद्या आशाताईंना दाखवते. सातव्यातली ओटी मग कुठल्या हिशेबाने?

प्रतिसाद:
ती सासूबाईंच्या हिशेबाने भरू दे, बाळाला काही फरक पडत नाही.